‘रोज चुना खातो’

महादूदादा गेल्याची बातमी मला हजेरी घेताना कळली. दोन महिने तो कामावर येत नव्हता, तरी नाव वहीत होतं आणि मी सवयीनं पुकारायचो. त्या सोमवारी पुकारलं, तर रांगेतून कुणीतरी म्हणालं, “तो काल गेला, भाऊसाहेब. नाव कापा.” मी नाव कापलं आणि पुढचं पुकारलं. त्याला आता सव्वा महिना झाला. मुकादमापासून साहेबापर्यंत सगळे हळहळले, ‘तंबाखूनं खाल्लं बिचाऱ्याला’ असंही म्हणून झालं. त्या एका वाक्यासाठी मी हे लिहितो आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी मासवणच्या अलीकडे, नदीकाठी, आमची पुठ्ठ्याची मिल उभी राहिली. भाताच्या पेंढ्याला कुणी विचारील असं इथं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आता पेंढ्याच्या गाड्या पार पालघरच्या रस्त्यापर्यंत लागू लागल्या. मी घाटावरून आलेला, चार बुकं शिकलेला, म्हणून टाइम ऑफिसात बसलो. महादूदादा डोंगरपाड्यावरचा. पावसाच्या पाण्यावर होईल तेवढी नाचणी करायची आणि दिवाळीनंतर बायकोला घेऊन वीटभट्ट्यांवर जायचं, हे त्याचं आयुष्य. मिलमुळे गाव सोडावं लागत नाही, याचंच त्याला कोण कौतुक! वयानं तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो. दादा म्हणायला लागलो, ते तो गेल्यावर.

त्याचं काम धुण्याच्या हौदावर. पेंढा चुन्यात शिजवतात, मग धुतात, मग त्याचा लगदा. चुना लगद्यात राहिला तर पुठ्ठा वाळताना तडकतो. तो राहिलाय की गेलाय हे तपासायच्या कागदी पट्ट्या साहेबाच्या कपाटात होत्या, पण त्या काढणार कोण? महादूदादा चिमूटभर लगदा जिभेवर ठेवायचा, थुंकायचा आणि सांगायचा, “अजून एक पानी द्या.” कधी चुकला नाही. पाहुणे आले की साहेब त्याला पुढं करायचे, “ही आमची लॅबोरेटरी!” आणि पाहुणे हसायचे. तोही हसायचा...

पुढं त्याचं तोंड आलं. जिभेला चव राहिली नाही, कडेला जखम झाली. त्यानं एवढंच मागितलं, हौदावरून काढून वाळवणावर घाला. साहेब म्हणाले, डॉक्टर सांगतील तसं. डॉक्टर दर गुरुवारी यायचे, आणि त्यांच्यापुढं जाणाऱ्याचा कागद भरायचं काम माझ्याकडे. ‘व्यसन’ असा एक रकाना होता. महादूदादाला तो शब्द कळेना. बाहेर रांग, मी वैतागलेला. म्हटलं, “अरे, खातोस काय तू?”

“चुना,” तो म्हणाला. “रोज चुना खातो.”

मी लिहिलं : तंबाखू-चुना, रोज.

डॉक्टरांनी आधी कागद वाचला, मग तोंड पाहिलं. तंबाखू सोड म्हणाले. साहेब म्हणाले, व्यसन तुझं आणि नाव मिलचं? जा हौदावर. तो परत गेला, आणि आणखी दोन पावसाळे तिथंच उभा राहिला.

माझी चूक मला कळली ती सहा महिन्यांनी. एक निरोप द्यायला पहिल्यांदाच हौदाच्या शेडमध्ये गेलो होतो. पहिल्यांदाच! पाच वर्षं मी या मिलचा पगार खात होतो. मुकादम ओरडत होता, “महाद्या, चुना खाल्लास का? सोडू का पानी?” शेडमध्ये लगदा चाखण्याला सगळे तेच म्हणत होते. तसाच साहेबाकडे जायला निघालो... आणि गेलो नाही. त्याच महिन्यात मला कायम करायचं होतं. खोटा कागद भरला म्हणून कोण सांगेल? मूग गिळून बसलो. कायम झालो, तरी बसलोच. चुन्यानंच गेला असं छातीठोकपणे सांगायला मी काही डॉक्टर नाही. पण तंबाखूची चिमूटही त्यानं कधी तोंडात घातली नव्हती, हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

परवा पाड्यावर गेलो. त्याची बायको लखमी एकटीच होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “माजंच पाप, भाऊसाहेब. तंबाखू मी खायची. डाक्टर बोलला, तवा त्याला वाटलं, माज्या तंबाखूचा हात त्याच्या भाकरीला लागला. मलाबी तेच वाटलं. मी सोडली, पन तवर झालं व्हतं.”

मग मी सगळं सांगितलं. रकाना, रांग, कायम होणं, सगळं. ती रडली नाही. मला शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होतो, त्याही दिल्या नाहीत. तिनं घरातल्या एका कोपऱ्याकडे बघितलं. त्याचं अंथरूण तिथं असायचं.

“त्ये त्याला सांगाया पायजे व्हतं,” ती म्हणाली. “शेवटचे दोन म्हयने तो माज्या हातची पेज प्याला नाय, भाऊसाहेब. भयनीला बोलावली आन तिच्या हातची प्याला.”