सिंहासाठी उकळलेला चहा

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर जाहीर निषेध नोंदवतो: आज सकाळी मला चहा मिळाला नाही!

उद्या मुंबई, मग बोटीने मोंबासा, आणि पुढे साक्षात सिंह! त्याच्या मानासाठी सौ.ने माझे सहा सदरे नीळ-खळ घालून पांढरेशुभ्र केले. शेजारचे नामदेवभाऊ मेळघाटात वनरक्षक होते. पेटी पाहून म्हणाले, "काहून भाऊ, सिंह पाहाले चालले का त्याले बगळा दाखवाले? मातकट घाला, नाहीतर जनावर दुरूनच पळते."

घरातली सगळी चहापत्ती, वर भाऊंची एक वाटी, हंड्यात उकळून सदरे रंगवले. आता सिंह दिसणारच!

आणखी काय नेऊ, खाली लिहा. अत्तर सुचवू नका, तेही भाऊंनी काढायला लावलं.

इकडे वाचनालयात येताना चहापत्ती घेतली. भाऊंची वाटी शिगोशीग भरून गुपचूप त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो.