दुखाच्या सालातले अनारसे

समुद्रपूरला आमच्या शेजारची एक बाई दिवाळीत अनारसे करून विकायची. बोलताना तिची नजर कढईवरून हलत नसे. विकायचा अनारसा तिने कधी स्वतःच्या तोंडात टाकला नाही.

नवरा गेला त्या वर्षी ती दारात येऊन म्हणाली, "वहिनी, दुखाचं साल हाये. आमच्या घरी कढई चढत नाई. तुमच्या चुलीवर तळू काय?"

तिने आमच्याकडे तळले. सगळ्या गल्लीने चाखून मुकाट्याने विकत घेतले.

दुखाच्या घरी फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा असतो. पाडव्याला आम्ही बायका ताटं घेऊन गेलो. प्रत्येकीच्या ताटात तिचेच अनारसे होते.

तिने एक उचलून चावला. बराच वेळ चघळत राहिली.

"गूळ लय झालता," ती म्हणाली. "घेताना कोनी बोललं काऊन नाई?"