मोठ्यानं वाच, मग पाठव

आमच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत कुणी पासवर्ड टाकायला बसलं की बाकीचा सगळा वर्ग भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. "पीछे मुड!" अशी आरोळी घुमायची आणि आम्ही सगळी पोरं-पोरी टाचा आपटून वळायचो. बसलेल्याला एखादं अक्षर सापडेना झालं, तर तोवर आम्ही भिंतीचे पोपडे बघत उभे. दारावरून जाणारे बाकीचे मास्तर तोंडाला रुमाल लावून हसायचे. फौजी सरांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "दुसऱ्याचा पासवर्ड बगनं म्हंजे दुसऱ्याच्या घरात न इचारता शिरनं. शिरशील का?" असं ते विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नसत.

आमचं गाव म्हसवडच्या पलीकडचं. पाऊस कमी, म्हणून पोरं फौजेत जास्त. सर फौजेच्या सिग्नल दलातून हवालदार होऊन परत आलेले. शाळेला कुणीतरी दहा कॉम्प्युटर दिले तेव्हा ते शिकवणारा माणूस नव्हता, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना मानधनावर बोलावलं. मिशा पिळदार, बूट आरशासारखे, आणि बोलण्यात निम्मी हिंदी. त्यांचं नाव हजेरीच्या कागदावर असेल तेवढंच. गावाला ते फौजी सरच.

तास संपला की ते एकेका पडद्यापुढे जाऊन थांबायचे. कुणी आपलं खातं उघडंच टाकून गेलं असेल, तर त्याला हाक मारून माघारी आणायचे, स्वतः त्याच्या खुर्चीत बसायचे आणि वर्गाला सांगायचे, "ऐका. मी सागर बोलतोय. मी गाढव हाय." मग त्या सागरकडे वळून म्हणायचे, "आता जगाला कोण म्हनाला? तूच म्हनालास का न्हाई?" सागर हसावं की रडावं अशा तोंडाने उभा. त्यानंतर तो घरच्या गोठ्याची कडीसुद्धा दोनदा बघायला लागला, असं त्याची आई सांगायची.

पण त्यांचा खरा नियम वेगळाच होता. काहीही पाठवायच्या आधी ते मोठ्याने वाचायचं. "वाचताना लाज वाटली तर पाठवायचं न्हाई. लय सोपं हाय." एकदा एका पोराने वर्गाच्या ग्रुपवर गणिताच्या सरांच्या टकलाविषयी चार ओळी लिहिल्या. फौजी सरांनी त्याला उभं केलं आणि गणिताच्या सरांनाच आत बोलावून म्हणाले, "हं, वाच." पहिल्या ओळीतच त्याचा आवाज बसला. सर म्हणाले, "बग गड्या, तोंडातनं निगंना, आन् बोटातनं कसं बरं निगालं?" आम्ही पोट धरून हसलो. गणिताचे सरही हसले, म्हणून तो पोरगा वाचला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझे कान अजून तापतात.

मी नववीत होते. सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनात कवठे महांकाळचा एक मुलगा भेटला होता. ठिबक सिंचनाची प्रतिकृती त्याचीही होती, माझीही होती. माझ्याकडे फोन नव्हता, आईचा फोन चुलत्यांच्या नजरेखाली. म्हणून मी शाळेच्या कॉम्प्युटरवरून त्याच्याशी बोलायची. आधी नळ्या आणि तोट्यांविषयी, मग गणिताविषयी. एक दिवस त्याने लिहिलं, "तू बोलली नाहीस की दिवस जात नाही." मी लिहिलं, "मलाही." तेवढ्यात घंटा झाली, मैत्रिणीने हात ओढला आणि मी तशीच उठले.

फौजी सर नेहमीसारखे पडदे तपासत आले. आम्हाला भिंतीकडे तोंड करायला शिकवणारा तो माणूस, त्या दिवशी त्याने आपलं तोंड काही फिरवलं नाही. त्यांनी ते वाचलं. मग खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला.

आमच्याकडे आजी-माजी सैनिकांचा एक ग्रुप आहे. कुणाची आई आजारी पडली, कुणाची म्हैस व्याली, तरी तिथे टाकायचं. सीमेवर कुणाच्या फोनला कधी रेंज येईल याचा नेम नाही, म्हणून ज्याला रेंज असेल त्याने निरोप पुढे पोहोचवायचा, अशी रीत. या रीतीने कितीतरी घरांची वेळ निभावली आहे. माझे वडीलही फौजेत, तेव्हा वर सीमेवर बर्फात होते. सरांनी फौजेतल्या सवयीने रिपोर्ट दिला. फोटो टाकला, वडिलांचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, "यांच्या मुलीकडे लक्ष देणे गरजेचे आहे. निरोप पोहोचवावा."

निरोप पोहोचला. वडिलांच्या आधी तो सगळ्या गावाला पोहोचला. दिवस मावळायच्या आत पिठाच्या गिरणीवरच्या बायका माझ्या आईशी बोलता बोलता गप्प व्हायला लागल्या. पारावरची पोरं मी दिसले की एकमेकांना "मलाही, मलाही" म्हणायला लागली. चुलते एवढंच म्हणाले, "बास झाली शाळा. आता स्थळ बगायचं." आई नुसती भाकऱ्या थापत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी शाळेत आले नाही हे बघून सर घरी आले. चुलत्यांनी खुर्ची दिली. ती न घेता ते दारातच उभे राहिले. "आवं, पोरीचं शिक्षान थांबवू नगा," म्हणाले. चुलते म्हणाले, "तुमीच तर सांगितलंसा, लक्ष द्या म्हनून. दिलं लक्ष."

मी आतून सगळं ऐकत होते. कुठून धीर आला कोण जाणे, मी बाहेर येऊन विचारलं, "सर, पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचलं होतंसा का?"

इतक्या उंच माणसाचे खांदे असे खाली येताना मी कधी पाहिले नव्हते. "न्हाई, पोरी," म्हणाले. "तुला बोलवून एक शब्द इचारायचा, त्योबी इचारला न्हाई."

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारखाच माणूस करू जाणे. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, पण तो कधीच पुढे गेला होता. म्हणून ते गावात दारोदार गेले. टोपी काढून हातात धरायची आणि म्हणायचं, "चूक माझी हाय. फोनातला तेवढा फोटो माझ्यासमोर काढून टाका." बहुतेकांनी टाकला. पण ज्या घरांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनाही त्यामुळे कळलं. म्हातारी माणसं विचारायची, "कसला फोटू म्हनं?" मला वाटायचं, सर, आता तरी गप्प बसा. त्यांना तोंडावर तसं सांगायची माझी छाती झाली नाही.

शेवटी वडिलांचा फोन आला. त्यांनी चुलत्यांना सांगितलं, "शाळा बंद करायची न्हाई. पर तितं नगं." मला कुपवाडला मावशीकडे पाठवलं. मावशीचे यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होते. त्यांच्या दुचाकीवर मागे बसून मी नव्या शाळेत जायला लागले. माझं शिक्षण वाचलं, पण सरांचा वर्ग गेला. "मला आता शिकवायचा हक्क न्हाई," असं मुख्याध्यापकांना सांगून त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. तो मुलगा कुठे गेला, मला ठाऊक नाही. त्याला पुन्हा काही लिहायला माझं बोटच उचललं गेलं नाही.

आता मी सांगलीच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. माझ्या वर्गात पाठवण्याआधी मोठ्याने वाचावं लागतं, आणि दुसऱ्याचं काही दिसलं तर आधी त्यालाच जाऊन विचारावं लागतं. पहिला नियम सरांनी शिकवला. दुसराही त्यांनीच शिकवला.

गेल्या उन्हाळ्यात गावाकडे एका लग्नाला गेले. पंगतीत बसले, तर बुंदीची बादली घेऊन सर वाढत येत होते. मिशा पांढऱ्या झालेल्या, चाल तीच. माझ्यासमोर येताच त्यांनी मान खाली घातली आणि मला सोडून पुढच्या पत्रावळीवर गेले. माझ्या बापापेक्षा मोठा माणूस माझ्यापुढे मान वर करू शकत नव्हता. ती लाज माझ्याने बघवेना. तेवढ्यात शेजारची बाई माझ्याकडे वाकून म्हणाली, "तू तीच न्हवं का गं, त्या फोटूतली?"

सरांच्या हातातली पळी थांबली.

"व्हय, मीच ती," मी मोठ्याने म्हणाले. "आणि हे माझे सर. माझ्या पानात बुंदी वाढायची राहिलीय, सर. वाढा की."

सर माघारी वळले. त्यांनी पळी भरून वाढली, आणि मी हात आडवा धरला तरी आणखी एक वाढली.