पायाळू आसराबाईची उसण

आसराबाई पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. कुंभार पिंपळगावाकडं अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण पळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं सकाळ झाली की हिच्या ओट्यावर माणसं हजर. कुणी पोतं उचलताना लचकलेला, कुणी कापूस वेचायला वाकलेली ती सरळच न झालेली.

आसराबाई आधी विचारायची, "वळून पाह्य. दुखतं का? आता श्वास ओढ." समोरचा 'आई गं' म्हणून कळवळला, की त्याला पालथं झोपवायची आणि पाठीवर उजवा पाय हलकेच दाबायची. बरं वाटलं की माणूस तिच्या पाया पडून जायचा.

तिचा नवरा सांडू मेंढरं राखायचा. निघता निघता चिडवायचा, "गाव लायनीत उभं राहून लाथा खातंय! आमाला तर घरबसल्या मिळतात." मग ती खराटा उगारायची. पण या गड्यानं स्वतःच्या पाठीला तिचा पाय कधी लावून घेतला नाही. बायकोच्या पायाशी पडायचं म्हणजे लोक काय म्हणतील!

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. भाकरी थापता थापता आसराबाईचा हात थांबला.

"आवं, पाठीत उसण भरली. जबडाबी आखडून आला."

झाली का पंचाईत! पायाळूनं स्वतःच्या पाठीला पाय लावायचा कसा? तिनंच उपाय सांगितला. "जांब समर्थला कचरूबुवा पायाळू हायेत. जल्दी न्या मला."

सांडूनं बैल सोडले, गाडीला जुंपायला आणले, आणि सहज तिच्याकडं पाहिलं. उंबऱ्यावर बसलेली. दात वाजायची थंडी, आणि बाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता.  जू तिथंच टाकून तो तिच्यापुढं बसला.

"आसरा, वळून पाह्य. दुखतं का?"

"जेवढं हाये तेवढंच हाये."

"श्वास ओढ बरं."

"त्यानं कमी न्हाई का जास्ती न्हाई. धोंडा ठिवल्यावानी जड झालंय. मळमळून राह्यलंय."

"मंग ही उसण न्हाई."

"मला शिकवून राह्यले का? जांबला चला म्हन्ते ना!"

जन्मभर तिच्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस, पण त्या दिवशी बिलकुल ऐकलं नाही त्यानं. शेजारच्या वसंताची जीप काढायला लावली आणि सरळ अंबडची वाट धरली. जांबचा फाटा मागं पडला तशी ती रडायलाच लागली. सांडू तिचा हात धरून बसला होता. आपलं चुकलं तर ही जन्मभर हसेल आपल्याला. देवा, हसू दे रे तिला. जन्मभर हसू दे.

अंबडच्या डॉक्टरनं तिला एक गोळी चघळायला दिली, अंगाला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि म्हणाला, "हार्ट अटॅक आहे. जालन्याला हलवायला पाहिजे. बायकांना कधीकधी छातीत कळ येतच नाही. पाठ, जबडा, घाम, मळमळ, एवढंच. घरचे अंग चोळत बसतात आणि वेळ निघून जाते. तुम्ही बराबर आणलं."

 सांडू तिथंच फरशीवर बसला आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून हमसून हमसून रडला.

जालन्याच्या दवाखान्यातून आसराबाई घरी आली ती पथ्याची यादी घेऊनच. मिसरी बंद. लोणचं-पापड बंद, मीठ बेतानं. गोळी चुकवायची नाही आणि रोज पायी फिरायचं. मिसरीसाठी तिनं चार दिवस घर डोक्यावर घेतलं, पण सांडूनं डबी कुठं टाकली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ओट्यावर माणसं अजून येतात. पण घाम फुटलेला, हात नाहीतर जबडा भरून आलेला कुणी दिसला की ती पाय उचलतच नाही. "आधी डागदर!" म्हणून हाकलून देते.

संध्याकाळी दोघं विहिरीपर्यंत फिरून येतात. एकदा अशीच ती दमून ओट्यावर टेकली. सांडूनं तिचे पाय ओढून मांडीवर घेतले आणि चेपायला लागला.

"आवं, सोडा! कुणी पाह्यलं तर? पाप लागंल मला."

"लागू दे," सांडू म्हणाला. "आख्ख्या गावानं धरले हे पाय. मीच तेवढा राह्यलो व्हतो."