डावी कळी
शेंदरात तेल कालवल्याचा वास आला की मला पिंपळवंडीजवळचं ते भैरवनाथाचं देऊळ आठवतं. ताईला नारायणगावच्या व्यापाऱ्याचं स्थळ आलं होतं. तिला अजून शिकायचं होतं, पण वडिलांपुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. देवाचा कौल घेऊन होकार कळवायचा, एवढंच राहिलं होतं. गुरवाने देवाच्या शेंदरी कपाळाला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यात उदबत्तीचा धूर कोंडला होता, सगळे देवाकडे बघत होते, आणि मी गुरवाच्या अंगठ्याकडे. उजवी कळी त्याने चांगली दाबून बसवली, डावी नुसती टेकवली. ह्याला कुणीतरी फितवलंय, व्यापाऱ्याच्या वाईटावरचंच कुणी असणार, असं मी मनात म्हणतोय तोच डावी कळी टपकन खाली आली. वडिलांचा चेहरा पडला. "परत लावा की राव," ते म्हणाले. "देव दोनदा सांगत न्हाई, भाऊ," गुरव म्हणाला आणि घंटेखाली जाऊन उभा राहिला. निघताना आईने हात जोडले, तेव्हा तिचं तोंड देवाकडे नव्हतं, घंटेकडे होतं. ताई आता जुन्नरला कॉलेजात शिकवते. परवा आई शेंगा सोलत बसली होती, तेव्हा मी सरळ विचारलं, "गुरवाला तूच सांगितलं होतंस ना?" तिने मान वर केली नाही. "मी देवाला सांगितलं व्हतं. त्यानं पुढं कुनाला सांगितलं, ते मला काय म्हाईत?"