माहेरचा अळीव

आमच्या आईचा विश्वास बियांवर. तिळाने हाडं धरतात, मेथीने कंबर, खसखशीने झोप लागते, ओव्याने वारा सरतो, बाळंतशोपांनी बाळाचं पोट दुखत नाही, आणि अळिवाने दूध येतं. हे सगळं ती पाढे म्हटल्यासारखं म्हणायची. कुणी शंका काढली की तिचं एकच उत्तर असे, एवढंसं बी जमीन फोडून झाड वर काढतं, मग तुला अंथरुणातून उठवायला त्याला काय भारी आहे? आता पेपरात छापून येतं की अळिवात लोह असतं, तिळात चुना असतो. माझ्या नातसुना काचेच्या बरणीतून चमच्याने काढून बिया खातात आणि मलाच त्यांचे गुण सांगतात. मी ऐकून घेते. बिया गुणाच्या असतात यात वादच नाही. माझ्या जिवाला लागून राहिलंय ते वेगळंच. एका वर्षी आमच्या घरातल्या सगळ्या गुणाच्या बिया एकट्या माझ्या पोटात गेल्या.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर, आणि सासर खाली दासगावकडे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्यातली रीत, म्हणून सातव्या महिन्यात मला वर आणलं. माझ्या आधी महिनाभर वहिनी बाळंत झाली होती. तिची ही दुसरी खेप, आणि दुसरीही मुलगीच. पहिल्या खेपेला तिच्या माहेरने तिला नेलं, खाऊपिऊ घातलं, पोरीला झबलं-टोपडं केलं आणि पाठवून दिलं. दुसरीला माहेर बघत नाही, ती सासरची. आणि सासरी दुसऱ्या खेपेची बाळंतीण म्हणजे सव्वा महिना झाला की कामाला लागलेली सून. अशा आम्ही एका छपराखाली दोन बाळंतिणी होतो, मी पाहुणी आणि ती घरातली.

मला मुलगा झाला आणि आई हरखली. दादा महाडच्या बाजारात जाऊन अळीव घेऊन आला. नारळ दासगावच्या बंदरावरून मागवले, कारण आमच्या डोंगरात नारळ कुठला. तीळ घरच्या वरकस रानातले होते. आईचे डोळे धुराने चुरचुरायचे, म्हणून लाडू वहिनीने करायचे. ती तान्ह्या पोरीला मांडीवर आडवी टाकून चुलीपुढे बसे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजून बुळबुळीत झालेले असत. त्यात गूळ आणि खोबरं घालून ती ते मंद आचेवर ढवळत राही, आणि हात पोळत असतानाच लाडू वळी. मी माजघरात बाजेवर शेक घेत पडलेली असे आणि दारातून मला ते सगळं दिसे. बोटांना लागलेलं ती कधी जिभेला लावत नसे. हात धुतलेलं पाणी ती म्हशीच्या आंबोणात ओती. म्हणजे अळिवाचा गुण आमच्या म्हशीलासुद्धा थोडा मिळाला.

वहिनीच्या ताटात नाचणीची भाकरी, वालाचं कालवण आणि कारळ्याची चटणी. मी आईला एकदा विचारलं की तिला का नाही. आई म्हणाली, कारळं काय कमी आहे, त्यातही तेल आहे, तेही बीच आहे. वर म्हणाली, तिला तिच्या माहेरने दिलं होतं की. मी म्हटलं, ते पहिल्या खेपेला. आई माझ्या पाठीला तेल चोळू लागली. आई दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणारा तिला बोल लावून मोकळा होईल. लेक माहेराहून खंगून गेली तर सासरची माणसं तोंड बघून माहेराची किंमत करतात, ही तिला धास्ती होती. सुनेचं तोंड बघायला कुणी येणार नव्हतं.

एका सकाळी मी एक लाडू पदराखाली ठेवला आणि वहिनी बाळाची दुपटी घ्यायला आली तेव्हा तिच्या हातात दिला. तिने घेतला. थोड्या वेळाने बघते तर तिची थोरली, चार-पाच वर्षांची पोर, परसात बसून तो खात होती आणि वहिनी तिचं तोंड पुसत होती. मला वहिनीचा रागच आला. मी एवढं चोरून दिलं आणि हिने वाटून टाकलं असं वाटलं. आता त्या रागाची लाज वाटते. आपल्या पोरीला देऊ नये तर काय करावं आईने? मी मात्र परत लाडू दिला नाही. दिलं होतं, तिने खाल्लं नाही, असं मनाशी म्हणून मी सुटले आणि पुढचे सगळे लाडू चवीने खाल्ले.

सव्वा महिना झाला आणि वहिनी कवळ तोडायला जाऊ लागली. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, झाडांचा पाला आणि बारक्या फांद्या तोडायच्या, त्यांचे भारे बांधायचे आणि डोक्यावरून उतारावर आणायचे, हे त्या दिवसांतलं काम. सकाळी पोरीला पाजून जायची ती उन्हं कलताना यायची. मधल्या वेळेला पोरीला गाईचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजत. पोर बोळा चोखे आणि ओकून टाकी. बघता बघता वहिनीचं दूध आटलं. पोरीची मांडी माझ्या मनगटाएवढी राहिली आणि रडण्यातला जोर गेला. पोरगी जगली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच जीव मुठीत धरायला नको. आज तिला नातवंडं आहेत. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि इकडे मला दूध मावत नव्हतं. आईचा अळीव खरा ठरला होता. माझा मुलगा पिऊन पिऊन झोपून जाई, तरी छाती दगडासारखी होई आणि ताप भरे. मग आई मला वाटीत दूध पिळायला लावी. बाळंतिणीचं दूध पायदळी जाऊ नये म्हणून ती ते स्वतः परसातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतून येई. एका खोलीत पोर बोळा चोखत कण्हायची आणि परसात जास्वंद दूध प्यायची. त्या वर्षी ती जास्वंद अशी फुलली की शेजारणी कौतुक करायच्या.

शेवटी मी आईला म्हणाले की पोरीला मी पाजते. आईने वाटी खाली ठेवली.

"खुळी झालीस काय गो? एका अंगावर पिली तर बहीणभाऊ झाली ती. मग लगीन कसं लावशील?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. माझ्या मुलाच्या बारशाला आईने सगळ्यांदेखत पोरीला पाळण्याशी नेऊन सांगितलं होतं की ही ह्याची नवरी. मामाची मुलगी आत्याच्या घरात द्यायची, हे आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. लेक परक्या घरी गेली, निदान नात तरी लेकीकडे जावी आणि वाडीचा आणि दासगावचा धागा तुटू नये, एवढं त्या बाईचं स्वप्न होतं. त्या स्वप्नापायी, अजून मान न धरणाऱ्या पोरीच्या तोंडचं दूध ती जास्वंदीला घालत होती, आणि आपण पोरीचंच भलं करतो आहोत असं तिला मनापासून वाटत होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. आईचं खात होते ना.

पण एका दुपारी आई वाल काढायला गेली. वहिनी रानात होती. झोळीत पोर रडत होती आणि थोरली एका हाताने झोळी हलवत होती. रडता रडता पोर थांबली, म्हणजे दमून थांबली, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी थोरलीला पाण्याचा तांब्या आणायला बाहेर धाडलं आणि पोरीला छातीशी घेतलं. तिला ओढताही येईना. मग एकदा तोंड नीट बसलं, आणि तिने माझ्या पदराची कड मुठीत धरली ती झोप लागेपर्यंत सोडली नाही. पुढे आई घरात नसली की मी तिला घेऊ लागले. दुपारची तिची वेळ ठरूनच गेली. माझ्या छातीचा ताप उतरला. पोरीच्या गालावर रंग आला, तेव्हा आई म्हणाली, बघ, गाईचं दूध अंगी लागायला लागलं. मी मान डोलावली.

वहिनीला यातलं काही कळलं नाही असं मी धरून चालले होते. एकदा तिन्हीसांजेला भारा टाकून ती पोरीला घ्यायला आली, तिचं तोंड हुंगलं आणि म्हणाली की अलीकडे पोर दिवसाची शांत झोपते. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी म्हटलं, हवा मानवली असेल. ती हो म्हणाली.

उन्हाळा भरात आला आणि मला न्यायला नवरा आणि मोठे दीर आले. बाप्ये माणसं ओटीवर चहा घेत बसली. आत आई, वहिनी आणि मी. आईने माझी ओटी भरली, मुलाला तीट लावली, आणि मग कौतुकाने झोळीतली पोर उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवली. सुनेला डोळे भरून बघून घे, आता दिवाळीलाच बघशील, असं म्हणाली. पोरीने माझा वास ओळखला. मान वळवली, तोंड उघडलं आणि माझ्या चोळीवर नाक घासत शोधू लागली. आई आधी हसली. पोरीने मग सवयीने माझ्या पदराची कड मुठीत धरली, आणि आईचं हसू जागच्या जागी थांबलं.

कधीपासून, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. वाल काढणी चालू होती तेव्हापासून.

आई जमिनीवर बसली. माझ्यावर ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. कपाळाला हात लावून एवढंच म्हणाली, "सून गेली गो माझी."

वहिनी भिंतीशी उभी होती. सासूपुढे तिने कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. तिने पुढे येऊन पोरीला माझ्या मांडीवरून उचललं आणि म्हणाली, "सून गेली, आत्याबाई. पण पोर ऱ्हायली ना."

ओटीवरून दिरांनी उन्हं चढण्याआधी निघू या म्हणून हाक दिली. मला तेव्हा म्हणता आलं असतं की मी अजून दोन महिने राहते. नवरा भला माणूस होता, त्याने ऐकलं असतं. आईनेही आता अडवलं नसतं, जे बिघडायचं ते बिघडून गेलं होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि ती काय मागते आहे ते मला नीट कळत होतं. पण मला घरी जायचं होतं. माझा गुटगुटीत मुलगा सासूला दाखवायचा होता, माझं घर मला हवं होतं. मी मुलाला दुपट्यात घेतलं आणि उंबरा ओलांडला. वहिनी वाडीच्या टोकापर्यंत पोचवायला आली. तिने पोरीला खांद्यावर घेतलं होतं, तोंड मागे करून.

उतार उतरून आम्ही पोलादपूरला गाडीची वाट बघत सावलीला बसलो. माझा मुलगा पिऊन झोपला होता. दुपार झाली, आणि पोरीची वेळ झाली तशी मला पान्हा फुटला. चोळी भिजली, पदर भिजला. नवऱ्याने विचारलं, बाळाला भूक लागली का? मी म्हटलं, नाही, तो झोपलाय. मग गाडी आली आणि आम्ही चढलो.