टेलरमावशींचं माप

टेलरमावशींचा कणा वाकडा आहे, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या कपड्यांत डाव्या खांद्याला अस्तराआड कापसाची गादी त्या अशी बेमालूम शिवत की बघणाऱ्याला ताठच दिसत. पन्नाशी उलटली आणि पाठ कुरकुरू लागली. मशीनवर बसलं की कंबरेतून निघालेली कळ थेट पायात उतरायची. एक बाही जोडेपर्यंत चारदा उठावं लागे. घरात दुकान बंद करायची भाषा सुरू झाली आणि नवऱ्याने, भल्याच मनाने, मशीन विकत घेणारा एकजण शोधलासुद्धा. मावशींनी डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली.

त्यांनी पाठीला आधार देणारा ब्रेस घालून बघायला सांगितलं. मावशींचा स्वभाव खोदून खोदून विचारण्याचा. लहान पोरांना याचा उपयोग होतो म्हणतात, पण मुरलेल्या हाडांना काय होणार?

"कुत्र्याचं शेपूट नळीत घालण्यातलाच प्रकार ना हा?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "सरळ होणार नाहीच. पण बसताना आधार मिळाला तर दुखणं कमी होईल, कदाचित. रोज थोडे तास घालायचा आणि व्यायाम सोडायचा नाही."

ब्रेस बनवणाऱ्या कारागिराच्या खोलीत मावशींना दुखण्याचा विसरच पडला. ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या अंगाभोवती गुंडाळायच्या, वाळल्या की कापून काढायच्या, त्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवायचं. आम्ही अंगावर कापड बेततो, इथे तर आधी अंगच बेतून घेतात, असं म्हणत त्यांनी बिचाऱ्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं.

ब्रेस तयार झाला आणि बसेचना. एका बाजूला बरगडीत रुते, दुसऱ्या बाजूला हात जाईल एवढी फट. कारागीर चक्रावला. साचा घेताना उभ्या होतात तशाच उभ्या राहा, म्हणाला. मावशी उभ्या राहिल्या.

"घरी अशाच उभ्या राहता?" त्याने विचारलं.

मावशींनी आरशात पाहिलं. डावा खांदा ओढून वर धरलेला, पोट आत, श्वास रोखलेला. मापाला आलेल्या प्रत्येक बाईला त्या दटावत आल्या होत्या, की पोट आत घेऊ नका, मग कपडा अंगात शिरत नाही आणि टेलरला शिव्या बसतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्या खळखळून हसल्या, तरी खांदा काही खाली सोडवेना. कारण खांदा सोडायचा म्हणजे परक्या माणसापुढे वाकडं दिसायचं. नवऱ्यापुढेही त्या कधी तशा उभ्या राहिल्या नव्हत्या. लाज वाटली, खूप वाटली. पण मशीन जाणार होतं.

त्यांनी श्वास सोडला. खांदा घसरला, कंबर एका अंगाला गेली. कारागिराने पट्ट्या भिजवायला घेतल्या.

दुसरा ब्रेस अंगावर नीट बसला. तो घालून मावशींनी एका कोटाची कॉलर लावायला घेतली. पाठ थोडी ठणकत होती, नाही असं नाही. पण कॉलर लागली, मग एक बाही लागली आणि दोरा तोडताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण मध्ये उठलोच नाही. डोळे भरून आले.

नवरा दारात येऊन म्हणाला, की मशीन बघायला तो माणूस उद्या येतोय.

"येऊ दे," मावशी दुसरी बाही सुईखाली सरकवत म्हणाल्या. "कोट शिवायचा असेल तर माप घेईन त्याचं."